पोळ्याची झडती, भीमगीत आणि निंदणाचे गाणे एका अल्बममध्ये येऊ शकतील का?

तिफन

अन्यायाविरुद्धच्या संगीताबद्दल मराठीत बोलताना आपण बहुधा सुट्या गाण्यांबद्दल बोलतो. अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना गावाकडं राहिली' ही छक्कड, सुरेश भटांचे 'उषःकाल होता होता', वामनदादा कर्डकांचे 'सांगा धनाचा साठा न आमचा वाटा कुठाय हो' ही गाणी अनेकांना तोंडपाठ असतात. परंतु आठ-दहा गाणी विचारपूर्वक एका क्रमाने लावून त्या क्रमातूनच एखादे म्हणणे उभे करणारा अल्बम हा प्रकार आपल्या बोलण्यात क्वचित येतो. हा धागा त्या प्रकाराविषयी आहे, आणि विदर्भातील खेड्यांना त्याचा काही उपयोग होईल का, याविषयी आहे.

बॉब डिलन यांचा 'द टाइम्स दे आर अ-चेंजिन' हा अल्बम १९६४ मध्ये आला. त्याचे शीर्षकगीत जगभर गाजले. मला मात्र त्यातील 'बॅलड ऑफ हॉलिस ब्राउन' हे गाणे अधिक महत्त्वाचे वाटते. अमेरिकेतील दक्षिण डकोटा राज्यातील एका गरीब शेतकऱ्याची ती कथा आहे. विहीर आटली आहे, गवत काळे पडले आहे, पिठात उंदीर झाले आहेत, घोडी आजारी आहे, आणि हा माणूस हातातल्या शेवटच्या डॉलरची सात काडतुसे घेऊन पत्नी, पाच मुले आणि स्वतः यांचा शेवट करतो. पूर्ण गाण्यात गिटारची एकच सुरावट न थांबता फिरत राहते, आणि बराचसा भाग त्या शेतकऱ्यालाच 'तू' म्हणून उद्देशून गायलेला आहे. यवतमाळ किंवा वाशीम जिल्ह्यातील कोणालाही हे गाणे समजावून सांगावे लागणार नाही.

माझा मुद्दा त्या गाण्याच्या पुढे आहे. त्याच अल्बममध्ये लोखंडाच्या खाणी बंद पडल्याने ओस पडलेल्या गावातील स्त्रीची कैफियत आहे, मिसिसिपीत गोळी घालून मारल्या गेलेल्या मेडगर एव्हर्स या कृष्णवर्णीय कार्यकर्त्यावरचे गाणे आहे, आणि बाल्टिमोरच्या हॉटेलात काम करणाऱ्या हॅटी कॅरोल या कृष्णवर्णीय स्त्रीवरचे गाणे आहे. तिला छडीने मारणाऱ्या धनाढ्य तंबाखू बागायतदाराला न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा दिली होती. प्रत्यक्ष आयुष्यात डकोटातील गोरा शेतकरी आणि बाल्टिमोरची ती मोलकरीण कधीही एका पंगतीला बसले नसते. अल्बमने त्यांना बसवले.

आता आपल्या गावाकडे पाहू. पोळ्याच्या दिवशी आखरावर, म्हणजे गावाच्या मोकळ्या जागेवर, तोरणाखाली बैलांच्या रांगा लागतात आणि झडत्या, म्हणजे मोठ्याने म्हणायच्या यमकी ओळी, सुरू होतात. त्यांतील बऱ्याच नुसत्या गमतीच्या असतात, काही कानकोंड्या करणाऱ्याही असतात, परंतु ही झडती पाहा :

वाटी रे वाटी, खोबऱ्याची वाटी
महादेव रडे दोन पैशासाठी
पारबतीच्या लुगड्याले छप्पन गाठी
देव कवा धावला गरिबासाठी?
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

देवालाच कर्जबाजारी करून शेवटच्या ओळीत त्याच्यावर आरोप ठेवणारी आणि लगेच त्याचाच जयजयकार करणारी ही रचना कोणा एका कवीची नाही. माझ्या मते आपल्याकडील निषेधगीताचा हा सर्वांत अस्सल नमुना आहे. त्याच गावाच्या दुसऱ्या टोकाला, बौद्ध वस्तीत, १४ एप्रिलच्या रात्री भीमगीतांचा कार्यक्रम होतो. सोयाबीनच्या निंदणाला, म्हणजे खुरपणीला, गेलेल्या बायका पिकाच्या तासावर बसून आपली गाणी म्हणतात. तीन प्रकारची गाणी, तिन्हींत अन्यायाची कैफियत, आणि तिन्हींचे श्रोते वेगवेगळे. सार्वजनिक कार्यक्रमात ती एकत्र येतील अशी आशा मला नजीकच्या काळात वाटत नाही. अल्बममध्ये येऊ शकतील का, एवढाच माझा प्रश्न आहे.

खंजिरी

विषय उत्तम मांडला आहे. एक भर घालतो. क्रमाने म्हणणे उभे करण्याची रीत आपल्याला अमेरिकेकडून घेण्याची गरज नाही. गाडगेबाबांचे कीर्तन हे त्याचे ठळक उदाहरण आहे. ते श्रोत्यांना साधे प्रश्न विचारीत, उत्तर श्रोत्यांकडूनच वदवून घेत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढीत, आणि मध्ये 'गोपाला गोपाला' चा गजर होई. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे बोकड कापू नका, दारू पिऊ नका, शिवाशीव पाळू नका, मुलांना शाळेत घाला, हे एकामागून एक येत असे आणि आधीच्या उत्तराला बांधलेल्या श्रोत्याला पुढचे नाकारणे अवघड होत असे. वांद्र्याला १९५६ साली, म्हणजे निधनाच्या काही आठवडे आधी झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. त्यात केवळ त्यांचा आवाज नाही, तर श्रोत्यांची उत्तरेही आहेत, आणि माझ्या दृष्टीने तीच अधिक मोलाची आहेत. उद्या कोणी झडत्यांचे मुद्रण करणार असेल, तर झडती म्हणणाऱ्याइतकाच 'हर बोला' म्हणणारा जमावही त्यात आला पाहिजे. स्टुडिओत एकट्या माणसाकडून म्हणवून घेतलेली झडती ही झडती राहणार नाही.

दुसरे उदाहरण तुकडोजी महाराजांचे. 'झाड झडूले शस्त्र बनेंगे, भक्त बनेगी सेना' हे त्यांचे भजन १९४२ च्या आंदोलनाशी कायमचे जोडले गेले आहे. त्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टी येथे उठाव झाला, महाराजांना अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले. खंजिरीच्या तालावरचे एक भजन इंग्रज सरकारला धोकादायक वाटले, ही लहान गोष्ट नव्हे. आज तेच भजन आमच्याकडील भजनी मंडळे पुण्यतिथीच्या सप्ताहात इतर पन्नास भजनांच्या मध्ये म्हणतात, आणि म्हणणाऱ्या तरुणांपैकी अनेकांना त्याचा आगापिछा माहीत नसतो. गाणे टिकते आणि त्याचा संदर्भ गळून पडतो, हे तोंडी परंपरेत नेहमीच घडते. अल्बमचा खरा उपयोग मला येथे दिसतो : कोणत्या गाण्याच्या आधी व नंतर काय आहे, हे त्यात पक्के होते.

निळी पहाट

धागाकर्त्यांनी आंबेडकरी गाण्यांचा उल्लेख 'वस्तीत १४ एप्रिलला होणारा कार्यक्रम' असा केला आहे, त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

विदर्भात अन्यायाविरुद्धचा अल्बम नाही, हे म्हणणे मला मान्य नाही. दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला पुस्तकांच्या शेजारी जी कॅसेटची दुकाने लागत असत, ती सर्व अल्बमचीच दुकाने होती. आधी बुद्धवंदना, मग बाबासाहेबांवरची गाणी, मग रमाईची गाणी, आणि दुसऱ्या बाजूला समाजातील फितुरीवर, राखीव जागांवर, पुढाऱ्यांच्या तडजोडींवर बोट ठेवणारी गाणी असा क्रम अनेक कॅसेटमध्ये असे. 'भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते' हे वामनदादांचे गाणे आपल्याच माणसांना जाब विचारणारे आहे. स्वतःच्या चळवळीची इतकी कठोर झडती, मुद्दाम हाच शब्द वापरते, घेणारे गाणे दुसऱ्या कोणत्या चळवळीने आपल्या जयंतीच्या मंचावर गाऊ दिले असते, याचा विचार करावा. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज आमच्या घरांत भिंतीवरच्या तसबिरींइतकेच कायमचे होते. उमप यांचे निधन २०१० साली नागपुरात दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात, मंचावरच झाले. हे अल्बम होते आणि लाखो लोकांनी ऐकले. गावाच्या दुसऱ्या बाजूने ते ऐकले नाहीत, एवढाच काय तो फरक.

आता पंगतीविषयी. पंगतीत कोण बसले यापेक्षा कोणी कोणाला कुठे बसवले, हे आम्ही आधी पाहतो. शेतकऱ्याच्या आत्महत्येचे गाणे आणि जातीय अत्याचाराचे गाणे शेजारी ठेवले की ऐकणाऱ्याला दोन्ही 'दुःखे' सारखी वाटू लागतात. पहिल्यात मारणारा म्हणजे बाजारभाव, सावकार, पाऊस आणि सरकार असतो. दुसऱ्यात मारणारा शेजारी असतो, आणि पुष्कळदा तो पहिल्या गाण्यातील शेतकऱ्याच्याच जातीचा असतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. ते कुटुंब स्वतःची शेती करणारे होते आणि वादाच्या मुळाशी शेतातून जाणाऱ्या रस्त्याचाही प्रश्न होता. म्हणजे ते शेतकरीच होते. तरीही शेतकऱ्यांच्या व्यथेवर निघालेल्या गाण्यांत आणि कवितांत ते कुटुंब कोठे आहे? न्यायालयांनी त्या खटल्यात आरोपींना शिक्षा दिल्या, मात्र अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे लागू झाली नाहीत. गाण्यांतही तेच झाले असे मला वाटते : मृत्यू मान्य होतो, जात मान्य होत नाही.

पांढरं सोनं

सर्वांचे लेखन वाचले. गाण्याने कापसाला भाव मिळत नाही, ही माझी नम्र पण ठाम भूमिका आहे. १९८० च्या दशकात शेतकरी संघटनेच्या मेळाव्यांत भाषणांइतकीच गाणी असत. आम्ही ती मनापासून म्हणत होतो. सरकारनेच कापूस विकत घेण्याची एकाधिकार खरेदी योजना आली, चालली आणि मोडीत निघाली, गाणी तेवढी राहिली. अल्बम काढण्यास माझा विरोध नाही, परंतु त्याला आंदोलन म्हणू नये.

झाडीतला

पूर्व विदर्भाचा विषय राहिला आहे, म्हणून लिहितो. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या पट्ट्यात, दिवाळीनंतर मंडई नावाची जत्रा भरते, दंडार हा लोकनाट्याचा खेळ होतो, आणि वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्यांची नाटके रात्रभर चालतात. दंडारीतील सोंगे गावच्या पाटलापासून तलाठ्यापर्यंत सर्वांची टिंगल करतात आणि ती त्यांच्यासमोरच करतात. ही मोकळीक त्या एका रात्रीपुरती असते. दुसऱ्या दिवशी तलाठी तलाठीच असतो, हे पांढरं सोनं यांचे म्हणणे त्या अर्थी खरे आहे.

परंतु गडचिरोलीत एक वेगळे उदाहरणही आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावातील 'मावा नाटे मावा राज' (आमच्या गावात आमचे राज्य) ही घोषणा, आणि 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' हे तिच्याबरोबरचे वाक्य, लोक ठेक्यात म्हणत असत, मुलेही म्हणत असत. तीन ओळींच्या पलीकडे त्यात काही नाही. त्या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. घोषणेमुळे हक्क मिळाला असे मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षे चाललेल्या ग्रामसभा, अभ्यासगट आणि कायद्याची लढाई यांमुळे तो मिळाला. मात्र एवढा काळ सर्वांना एकाच गोष्टीवर टिकवून धरण्याचे काम त्या ठेक्याने केले. गाण्याकडून एवढीच अपेक्षा ठेवली तर निराशा होत नाही.

भुलाबाई

चर्चा अजूनही पुरुषांच्या आखरावरच चालली आहे. झडती पुरुष म्हणतात, भजनी मंडळे बहुतेक पुरुषांची, शाहीर पुरुष, रॅपरही पुरुष. तिफन यांनी निंदणाच्या गाण्यांना एक वाक्य दिले आहे.

भाद्रपदात आमच्याकडे भुलाबाई बसते आणि कोजागरीपर्यंत मुली गाणी म्हणतात. 'कारल्याचा वेल लाव गं सुने, मग जा आपल्या माहेरा' हे गाणे सर्वांना ठाऊक आहे. वेल लावला, तर कारले येऊ दे. कारले आले, तर भाजी कर. भाजी केली, तर खाऊन उष्टे काढ. परवानगी प्रत्येक कडव्यात पुढे ढकलली जाते आणि चाल मात्र खेळकरच राहते. कोणत्याही कार्यालयात हेलपाटे घातलेल्या माणसाला हे गाणे सासरपुरते वाटणार नाही. नवऱ्याने आत्महत्या केल्यावर मदतीच्या एक लाख रुपयांसाठी, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत, प्रकरण 'पात्र' ठरवून घेण्याकरिता जी बाई तहसीलला जाते, तिला सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज कोणाच्या नावावर, वसुलीची नोटीस आली होती का, असे विचारले जाते. तिचे गाणे याच चालीवर बसते. मी आमच्या मैतरणींत ते बसवून पाहिले आहे आणि ते हसत हसत म्हटले जाते, यामुळे ऐकणारा अधिक अस्वस्थ होतो.

जात्यावरच्या ओव्यांविषयी एक माहिती. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या आता ग्रामीण भारतावरच्या 'पारी' या संकेतस्थळावर प्रसिद्ध होत असतात. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत, नवऱ्याच्या मारहाणीवरच्या आहेत, जातीच्या जाचावरच्याही आहेत. प्रत्येक ओवीला गाणारीचे नाव आणि गाव जोडलेले आहे. अल्बम निघणार असेल तर एवढे किमान असलेच पाहिजे. 'पारंपरिक' असे लिहून गाणारीचे नाव पुसण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे.

सायफर

अमरावतीचा आहे, म्हणून दोन शब्द. आमच्या शहरातील सौरभ अभ्यंकर हा 'हंड्रेड आरबीएच' या नावाने २०२३ मध्ये 'हसल' या रॅपच्या दूरचित्रवाणी स्पर्धेतून देशभर पोहोचला, आणि विपीन तातड यानेही जातीच्या प्रश्नावर रॅप केले आहे. दोघेही आपली बोली लपवीत नाहीत. मुंबईच्या 'स्वदेशी' या गटाने आरेच्या जंगलावर २०१९ साली 'द वारली रिव्हॉल्ट' केले, त्यात वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. ज्येष्ठांनी ही मंडळी ऐकावीत, ही विनंती.

भुलाबाई यांच्या श्रेयाच्या मुद्द्याला तमिळनाडूतील एक दाखला जोडतो. 'एन्जॉय एन्जामी' हे २०२१ चे गाणे अरिवू याने लिहिले आणि गायले. श्रीलंकेच्या चहामळ्यात राबलेल्या आपल्या आजीच्या आठवणींतून, भूमिहीनांच्या कहाणीतून ते आले. गाणे कोट्यवधी लोकांनी ऐकले. त्याच वर्षी एका मोठ्या संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर त्या गाण्याच्या निमित्ताने इतर कलावंत झळकले आणि अरिवू नव्हता. त्यावरून बराच वाद झाला. त्याआधी २०१९ मध्ये त्याने 'तेरुक्कुरल' हा पूर्ण अल्बम केला होता, तुतुकुडी येथील गोळीबारात मेलेल्या मुलीवरचे गाणे त्यात आहे. तो अल्बम त्या मानाने फार कमी लोकांपर्यंत पोहोचला. यातून मला असे दिसते की अल्बम काढणाऱ्याने लोकप्रियतेची अपेक्षा ठेवू नये. गाजते ते एखादेच गाणे.

तिफन

सर्वांचे आभार. क्रमाने उत्तर देत नाही, जे महत्त्वाचे वाटते तेवढेच घेतो.

निळी पहाट यांचा आक्षेप या धाग्याचा गाभा आहे. शेजारी ठेवल्याने दोन अन्याय सारखे भासतात, हा धोका खरा आहे. तरीही शेजारी ठेवण्याचे सर्व प्रकार एकसारखे नसतात. डिलन यांच्या अल्बममध्ये एव्हर्स यांच्यावरचे जे गाणे आहे, त्यात गरीब गोऱ्या मारेकऱ्याला पुढाऱ्यांच्या राजकारणातील प्यादे म्हटले आहे. त्या भूमिकेने मारेकऱ्याची जबाबदारी कमी होते, असे म्हणता येईल. पण त्याच अल्बमच्या उत्तरार्धात हॅटी कॅरोलचे गाणे येते आणि तेथे मारणारा प्यादे नसून जमीनदार आहे, व शेवटचे कडवे न्यायाधीशावर जाऊन थांबते. एका गाण्याने केलेली सवलत दुसरे गाणे काढून घेते. क्रम या गोष्टीचा मी आग्रह धरतो, तो यासाठी.

अमेरिकन जॅझ वादक मॅक्स रोच यांचा १९६० चा 'वी इन्सिस्ट!' हा अल्बम तर याहून उघड आहे. गुलामांवर देखरेख करणाऱ्या मुकादमापासून सुरुवात, मग मुक्तीचा दिवस, मग ॲबी लिंकन यांचा शब्दांविना प्रार्थना, किंकाळी आणि शांतता असा तीन टप्प्यांचा आवाज, आणि शेवटी आफ्रिका व जोहान्सबर्ग. श्रोत्याला मुक्तीच्या दिवशी थांबू दिलेले नाही. मुखपृष्ठावर उपाहारगृहाच्या काउंटरपाशी बसलेले कृष्णवर्णीय पुरुष आणि मागे गोरा वाढपी. दक्षिण आफ्रिकेत त्यावर बंदी आली.

आपल्याकडे असा क्रम कसा लागेल, याचे एक उदाहरण देतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे मरण पावली. त्यांत शेताचे मालक होते आणि रोजाने पंप पाठीवर घेणारे मजूरही होते. या प्रसंगावरचे गाणे मालकाच्या घरातून सुरू झाले तर ते बोंडअळी, बियाणे आणि औषधाच्या कंपन्यांकडे जाईल. मजुराच्या घरातून सुरू झाले तर पंप त्याच्याच पाठीवर का आला, तेथे जाईल. मला दोन्ही गाणी हवी आहेत, आणि मजुराचे गाणे नंतर हवे आहे, म्हणजे मालकाच्या गाण्याने हळहळलेला श्रोता तेथून सुटणार नाही. पोळ्याचेही तसेच. आखरावर बैल धरून सालदार उभा असतो, मान पाटलाच्या बैलाचा असतो, आणि सालदाराला मिळतो तो बोजारा, म्हणजे सणाची बक्षिसी. 'देव कवा धावला गरिबासाठी' हा प्रश्न त्याने धन्याला विचारला तर काय होईल, हे झडती सांगत नाही. पुढच्या गाण्याने सांगावे.

पांढरं सोनं यांना एवढेच म्हणेन की अल्बमला मी आंदोलन म्हटलेले नाही. तो जबाब आहे. जबाबाने निकाल लागत नाही, पण निकाल देणाऱ्याला 'आम्हाला कोणी सांगितलेच नाही' असे म्हणता येत नाही.

कामाच्या पद्धतीसाठी मला चिलीचे व्हिक्टर हारा आदर्श वाटतात. १९७२ चा त्यांचा 'ला पोब्लासिओन' हा अल्बम सांतियागो शहराच्या कडेला मोकळ्या जमिनीवर ताबा घेऊन वसलेल्या बेघर कुटुंबांवर आहे. ते त्या वस्तीत गेले, लोकांशी बोलले, आणि रहिवाशांचे बोलणे अल्बममध्ये गाण्यांच्या सोबत ठेवले. पुढच्याच वर्षी लष्करी उठावानंतर त्यांना ठार मारण्यात आले, हे सर्वांना माहीत आहे. तो अल्बम मात्र त्यांच्या मृत्यूच्या कथेमागे थोडा झाकला गेला. खंजिरी यांनी जमावाच्या उत्तराविषयी जे लिहिले आहे, त्याचा हा नमुना आहे.

खंजिरी

मुद्रणासंबंधी व्यवहाराचे बोलतो. मोबाईलवर आवाज चांगला येतो, परंतु खंजिरी आणि ढोलकी जवळ असली की तो फाटतो. यंत्र गाणाऱ्यापासून लांब आणि वाद्ये त्याहून लांब ठेवावी लागतील. पोळ्याच्या दिवशी आता आखरावरही डीजे येतो, त्यामुळे प्रत्यक्ष सणाच्या वेळी मुद्रण अशक्य आहे. सणाच्या आदल्या संध्याकाळी, बैलांचे खांदे शेकण्याची खांदशेकणी आटोपल्यावर, माणसे जमवता येतील. आमच्या मंडळाची पेटी उपलब्ध आहे. ती वाजवणारे गृहस्थ काळी चार या उंच पट्टीच्या खाली उतरत नाहीत, तेव्हा बायकांना सोयीची पट्टी मिळेल, पुरुषांनी सांभाळून घ्यावे.

भुलाबाई

पट्टीची सोय पहिल्यांदाच बायकांच्या बाजूने होत आहे, त्याची नोंद घेतली. आमची पाच-सहा जणींची तयारी आहे. नावे छापण्यास सर्वजणी तयार आहेत, एकीचा अपवाद सोडून. तिचे मदतीचे प्रकरण अजून तहसीलमध्ये आहे, त्यामुळे तिचे गाणे दुसरी म्हणेल आणि नावाची जागा कोरी ठेवावी.

झाडीतला

दंडारीतील एक सोंग आणि धानाच्या रोवणीची दोन गाणी पाठवू शकतो. रोवणीची गाणी चिखलात उभे राहून, वाकून म्हटली जातात. बसून म्हटली की श्वास वेगळा पडतो. ती बांधीतच, म्हणजे धानाच्या शेतातच, मुद्रित करावी लागतील. पोळ्यापर्यंत आमची रोवणी उरकलेली असते, म्हणून ते काम आधी करावे लागेल.

निळी पहाट

तिफन यांचे उत्तर वाचले. क्रमाचा युक्तिवाद मला पटण्यासारखा वाटतो, परंतु ज्या क्रमाची ते कल्पना करतात त्यात आमचे गाणे नेहमी 'नंतर' येते. आधी शेतकऱ्यासाठी हळहळ, मग त्या हळहळीच्या आधाराने मजूर, मग कदाचित जात. श्रोता पहिल्या दोन गाण्यांनंतर उठून गेला तर? सायफर यांनी म्हटल्याप्रमाणे लोक एखादेच गाणे ऐकतात, आणि ते बहुधा पहिले असते.

म्हणून माझ्या दोन अटी आहेत. खैरलांजीवरचे गाणे आमच्या येथील एका ताईंनी बांधले आहे. ते अल्बममध्ये पहिले असावे आणि त्याच्या आधी कोणतीही प्रस्तावना नसावी. दुसरी अट मुद्रणाच्या जागेची. ते आखरावर नको, भजनी मंडळाच्या सभागृहातही नको. आमच्या विहाराची खोली मोठी आहे, वीज असते आणि रात्री शांतता असते. झडती म्हणणाऱ्यांनी तेथे येऊन झडती म्हणावी, 'हर बोला' म्हणणारा जमावही सोबत आणावा. आमची हरकत नाही. गावातून कितीजण येण्यास तयार होतात, ते तिफन यांनी विचारून येथेच कळवावे. त्यावर पुढचे ठरवू.